शिवेवरचा वणवा

कादंबरीत आग लावणे फार सोपे असते. काडेपेटी लागत नाही, वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. ‘आणि बघता बघता डोंगर पेटला’ एवढे लिहिले की डोंगर पेटतो. विझवणे मात्र महाकठीण. गेली काही वर्षे मी एक कादंबरी लिहितो आहे. शाळा सुटल्यावर, वह्या तपासून झाल्यावर, घरातली माणसे निजल्यावर जो वेळ उरतो त्यात ती चालली आहे. म्हणजे चालली आहे असे आपले म्हणायचे. तिच्या अकराव्या प्रकरणात मी सह्याद्रीचा एक उतार पेटवून दिला आणि बाराव्याच्या उंबरठ्याशी येऊन अडलो. आता ही आग विझवायची कशी? पाऊस पाडावा तर महिना फाल्गुन. नायकाने एकट्याने विझवावी तर तो बिचारा नायक आहे, मारुती नव्हे. आणि मारुतीनेसुद्धा लंका पेटवलीच, ती विझवल्याचे कुणी सांगत नाही. शेवटी मी लेखणी खाली ठेवली आणि जगात माणसे खरोखरचे वणवे विझवतात तरी कसे, ते वाचायला बसलो.

माझे इंग्रजी मॅट्रिकच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. शेजारी कोश ठेवून, एकेक पान दोनदोनदा वाचून मी पुढे सरकत होतो. मनात अपेक्षा होती ती शौर्याची. काळवंडलेल्या चेहऱ्याचे उंच पुरुष, हातात कुऱ्हाडी, मागे आकाशाला भिडलेल्या ज्वाळा! तसली माणसे त्या वाचनात भेटली नाहीत असे नाही. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटला तो निराळाच ऐवज: करारनामे, याद्या, रंगीत पत्ते, दूरध्वनी, आणि त्या दूरध्वनीपाशी बसलेली माणसे. प्रथम माझी निराशाच झाली. आगीच्या शोधात निघावे आणि कचेरीत जाऊन पोहोचावे, तसे ते वाटले. पण जसजसा वाचत गेलो तसतशी खात्री पटली, की नाट्य आहे ते या कचेरीतच आहे.

या कचेरीचा जन्म एका मोठ्या फजितीतून झाला. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात डोंगरउतारांवर चॅपरल नावाची खुरटी, चिवट पानांची झुडुपे माजलेली असतात. उन्हाळाभर ती वाळतात. आणि शरदात तिथे ‘सांता आना’ नावाचे वारे सुटतात. आपल्याकडे वारा समुद्रावरून डोंगराकडे येतो आणि येताना पाणी आणतो. हे वारे उलटे, आतल्या वाळवंटाकडून डोंगर उतरून समुद्राकडे धावतात आणि येताना हवेतला उरलासुरला ओलावाही शोषून घेतात. १९७० सालच्या सप्टेंबरच्या अखेरीस अशा वाऱ्यात तिथे वणवे पेटले. एक-दोन नव्हेत, शेकडो. १३ दिवसांत ५ लाख एकरांहून अधिक रान जळाले, सुमारे ७०० इमारतींची राख झाली आणि १६ माणसे प्राणांस मुकली.

कुणी म्हणेल, एवढ्या आगीपुढे माणसाचे काय चालणार! पण तिथल्या लोकांनी तसे म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मदतीला माणूस आला नाही, असे कुठेच झाले नव्हते. बंब होते, विमाने होती, हजारो माणसे होती, आणि जो तो आपल्या जिवावर उदार होऊन राबला होता. परस्परांना मदत करण्याचा कॅलिफोर्नियातल्या गावांचा, परगण्यांचा आणि राज्याचा रीतसर करार तर त्याआधी २० वर्षे, १९५० सालीच झालेला होता. म्हणजे इच्छाही होती आणि सह्याही होत्या. अडले होते ते दुसरीकडेच. केंद्र सरकारचे वनखाते, राज्याचे वनखाते, परगण्याचे अग्निशमन दल, शहराचे अग्निशमन दल, प्रत्येकाची बिनतारी यंत्रणा वेगळी. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या यंत्रावर ऐकू येईना. ऐकू आले तर कळेना, कारण प्रत्येकाचे सांकेतिक शब्द वेगळे. एकाच आगीवर चार खात्यांचे चार प्रमुख. कोण कुणाचे ऐकणार ते ठरलेले नाही. आणि दहा ठिकाणी आगी लागलेल्या असताना त्यांतली आधी कुठली, हे सर्वांच्या वतीने ठरवणारे तर कुणीच नव्हते. जो तो आपापल्या आगीसाठी मदत मागत होता आणि आपापली माणसे आपापल्यापाशी धरून ठेवत होता.

हे वाचताना मी कोश मिटला आणि बराच वेळ खिडकीतून समोरच्या डोंगराकडे पाहत बसलो. कारण ही हकीकत मला ओळखीची होती.

आमची शाळा ज्या गावात आहे तो डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याच्या वर, अर्ध्या डोंगरात, एका सपाटीवर दुसरा गाव आहे. आम्ही त्याला वरचा गाव म्हणतो आणि ते आम्हांला खालचे म्हणतात. दोन्ही गावांच्या मधोमध उताराचा एक पट्टा आहे. त्याच्या माथ्याला राखीव जंगल, मध्ये गुरचरण आणि खाली मालकीच्या काजूच्या बागा. एका ओहोळापाशी दोन्ही गावांची शीव येते. शिमग्यात दोन्ही गावांच्या पालख्या या शिवेवर भेटतात, म्हणजे भेटत असत. २०१८ सालच्या मार्चात, पालख्या परत देवळात गेल्यावर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी त्या उतारावर धूर दिसला. राब भाजताना ठिणगी उडाली असेल, कुणी विडीचे थोटूक टाकले असेल. वणव्याचा बाप कोण ते सहसा कळत नाही.

शाळेतून मी दूरध्वनी लावू लागलो. एका कचेरीतून विचारणा झाली, ‘आग राखीवात आहे की मालकीत?’ मी म्हणालो, ‘साहेब, ती आत्ता गुरचरणात आहे. राखीवातून निघाली आणि मालकीकडे चालली आहे.’ दुसऱ्या कचेरीतून सांगण्यात आले, की तुमची हद्द आमच्याकडे येत नाही. मी त्या माणसांना दोष देत नाही. त्यांच्या पुढ्यातल्या वहीत जो रकाना होता तोच प्रश्न त्यांनी मला विचारला. वहीतला रकाना हद्दीचा होता आणि आगीला हद्द वाचता येत नव्हती, एवढेच.

माणसे मात्र धावली. दोन्ही गावांतली धावली. आमचे लोक खालून ओल्या डहाळ्या घेऊन चढले आणि आग झोडपू लागले. वरच्या गावाने निराळा आणि खरे म्हणजे अधिक शहाणपणाचा उपाय केला. पुढचे वाळके गवत आपणच आधी जाळून टाकावे म्हणजे येणाऱ्या आगीला खायला काही उरत नाही, असा तो उपाय. त्यांच्यातल्या एका मुलाने आमच्या मुलाला फोनही केला: ‘आम्ही मधल्या टेपावर आग लावतोय, तुम्ही तिथून बाजूला व्हा.’ आता गंमत अशी, की आमच्या गावात ज्याला मधला टेप म्हणतात तो वेगळा, आणि वरच्या गावात ज्याला मधला टेप म्हणतात त्याला आम्ही खैराचा माळ म्हणतो. आमची माणसे आपल्या मधल्या टेपावरून हटली आणि नेमकी खैराच्या माळाखाली जाऊन उभी राहिली. वरून लावलेला जाळ वारा फिरला तसा त्यांच्याच अंगावर आला. एका तरुणाचे पाय भाजले. दीड महिना तो अंथरुणावर होता. आणि खालच्या बाजूला एका म्हाताऱ्या काकांची काजूची बाग होती, ती पंचवीस वर्षांची झाडे तासाभरात उभी जळाली.

पुढे जे व्हायचे तेच झाले. आमचा गाव म्हणाला, ‘त्यांनी मुद्दाम लावली.’ वरचा गाव म्हणाला, ‘आम्ही आधी सांगितलं होतं.’ दोघांचेही त्यांच्या त्यांच्या परीने खरे होते. ‘मधला टेप’ हे दोन शब्द मध्ये उभे होते आणि त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. पुढच्या शिमग्यात पालख्या शिवेपर्यंत आल्या नाहीत. त्यानंतर करोनाची साथ आली आणि न भेटायला सरकारी कारणच मिळाले.

म्हणून कॅलिफोर्नियाच्या कागदांत ‘टँकर’ या शब्दाची कथा वाचली तेव्हा मी चमकलो. अमेरिकेत काही ठिकाणी टँकर म्हणजे पाण्याची मोटार, आणि काही ठिकाणी टँकर म्हणजे आगीवर औषधी पाणी टाकणारे विमान. कल्पना करा, डोंगरात अडकलेला एक नायक बिनतारीवर ‘टँकर पाठवा’ म्हणून ओरडतो आहे, आणि पलीकडचा माणूस अत्यंत तत्परतेने त्याला नको तीच वस्तू पाठवतो आहे! तिथल्या लोकांनी ठरवले ते असे: टँकर म्हणजे विमानच, पाण्याच्या मोटारीला टेंडर म्हणायचे. ज्या खात्याला हा शब्द रुचणार नाही त्यानेही आगीवर असताना तोच वापरायचा. सांकेतिक आकडे बंद. साध्या भाषेत बोलायचे. ऐकायला हे किती क्षुल्लक वाटते! पण आपापल्या खात्याचा शब्द सोडणे म्हणजे काय, हे ज्याने दोन गावांना एका टेपाच्या एका नावावर आणण्याची खटपट केली आहे त्याला विचारावे.

१९७१ साली अमेरिकेच्या संसदेने वनखात्याला या गोंधळावर उपाय शोधण्यासाठी पैसे मंजूर केले. केंद्राचे वनखाते, राज्याचे वनखाते, राज्यपालांची आपत्कालीन कचेरी, लॉस अँजेलिस शहर, लॉस अँजेलिस परगणा, व्हेंचुरा आणि सांता बार्बरा हे परगणे, असे सात भागीदार एकत्र बसले. या उद्योगाला त्यांनी ‘फायरस्कोप’ असे नाव दिले. आज दिवा लावला आणि उद्या उजेड पडला, असे झाले नाही. सत्तरचे दशक संपत आले तेव्हा कुठे त्यांची पद्धत आगीवर नीट चालू लागली. दहा वर्षे सात खात्यांनी एका टेबलाभोवती बसायचे आणि रुसून उठून जायचे नाही, हे मला डोंगर विझवण्याइतकेच अवघड काम वाटते.

त्यांनी जे ठरवले त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग एका आगीपुरता. तिथे प्रमुख कोण ते पहिल्या क्षणापासून ठरलेले असावे. आग दोन-तीन खात्यांच्या हद्दींत असेल तर त्या खात्यांच्या प्रमुखांनी एकाच तळावर एकत्र बसून एकच बेत आखावा. तीन तळ आणि तीन बेत नकोत. प्रमुखाच्या हाताखाली चार शाखा: प्रत्यक्ष आगीवर काम करणारी, माहिती गोळा करून पुढचा बेत आखणारी, जेवणखाण-पेट्रोल-हत्यारे पुरवणारी आणि हिशेब ठेवणारी. एका माणसाच्या हुकमतीत तीन ते सात माणसे, शक्यतो पाच. आम्हां मास्तरांना साठ-साठ मुलांचा वर्ग हाकण्याची सवय; पाच वाचून मला हेवा वाटला. पण धुरात, आवाजात, रात्रभरच्या जागरणानंतर एका माणसाच्या ध्यानात पाचांहून अधिकांची ख्यालीखुशाली राहत नाही, हे खरे असावे. आणि साधनेही मोजून-मापून एका नावाची. बंबांचे प्रकार ठरलेले; अमुक प्रकारचा बंब म्हटले की त्यात किती पाणी आणि किती माणसे, हे कुठल्याही गावाचा असला तरी सारखेच कळावे. एकाच प्रकारचे पाच बंब आणि त्यांचा एक नायक मिळून एक तुकडी. मग मागणाऱ्याने ‘पुष्कळ बंब पाठवा’ असे न म्हणता ‘अशा दोन तुकड्या पाठवा’ म्हणावे.

दुसरा भाग अनेक आगींचा, आणि माझे मन गुंतले ते त्यात. एका आगीवरच्या माणसाला आपलीच आग दिसते. तेच बरोबर आहे. त्याने दुसरीकडे पाहूही नये. पण म्हणूनच कुणीतरी असा हवा की ज्याला एकही आग दिसत नाही आणि सगळ्या दिसतात. १९६५ साली आयडाहो राज्यातल्या बॉयसी गावी वनखाते, सरकारी जमिनींचे खाते आणि हवामान खाते अशा तिघांनी मिळून एक समाईक केंद्र काढले. आपापली माणसे आणि विमाने वेगवेगळी बाळगण्यापेक्षा एकमेकांची वापरावी, हा साधा काटकसरीचा विचार. पुढे त्यात इतरही खाती येत गेली आणि तो साऱ्या देशाचा मध्यबिंदू झाला. देशाचे दहा भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भागाला आपले केंद्र आहे. कॅलिफोर्नियाला तर उत्तरेचे एक आणि दक्षिणेचे एक, अशी दोन. मागणी आधी जवळच्या केंद्राकडे जाते. तिथे पुरी झाली नाही तर भागाच्या केंद्राकडे, आणि तिथेही नाही तर बॉयसीला. प्रत्येक मागणीला क्रमांक असतो. माणसांची वेगळी, तुकड्यांची वेगळी, यंत्रांची वेगळी, विमानांची वेगळी.

पाठवताना नियम एकच, आणि तो मला फार आवडला: जो जवळचा तो आधी. गाडीवर कुठल्या खात्याचे चिन्ह रंगवले आहे ते पाहायचे नाही. पैशाचा हिशेब कसा करायचा ते आधीच करारात लिहिलेले असते, म्हणून आगीच्या तोंडाशी त्यावर वाद होत नाही.

आणि ते पत्ते! आता हे सारे गणकयंत्रावर चालते, पण आगीच्या तळावर जाड कागदाचे पत्ते अजूनही उपयोगाचे मानतात. हिरवा पत्ता माणसांच्या तुकडीचा, गुलाबी बंबाचा, निळा हेलिकॉप्टरचा. हे पत्ते एका फळीच्या खाचांत उभे केलेले असतात. तुकडी कामावर असली तर पत्ता एका खाचेत, मोकळी असली तर दुसऱ्या, आणि विश्रांतीला किंवा दुरुस्तीला असली तर तिसऱ्या. तुकडी हलली की पत्ता हलवायचा. एकदा पत्ता हलवायचा राहिला तर वीस माणसे एका दरीत आहेत हे कागदावरून पुसले जाते. वर्गात हजेरी घेताना मुले खिदळतात आणि मीही कधी कधी घाई करतो. पण हजेरी म्हणजे काय ते या पत्त्यांनी मला नव्याने शिकवले.

देशभरची तयारी ते पाच पायऱ्यांवर मोजतात. पहिल्या पायरीला जो तो आपल्या घरी सुखी. पाचवी पायरी आली की जवळजवळ सगळी माणसे, सगळी विमाने कुठे ना कुठे गुंतलेली असतात आणि तरी नव्या आगी लागतच असतात. अशा वेळी मागण्यांच्या यादीवर एक शेरा पडू लागतो. त्याचे मराठी करायचे तर ‘पुरवणे शक्य नाही’ असे होईल. तीन शब्द. पलीकडे कुठल्या तरी खिंडीत एक माणूस त्या तीन शब्दांची वाट पाहत उभा असतो आणि ते ऐकून आपल्यापाशी जे आहे तेवढ्यावर रात्र काढायला लागतो.

हे तीन शब्द कुणी म्हणायचे? एका साहेबाने नव्हे. त्यासाठी सर्व खात्यांचे प्रतिनिधी एका खोलीत बसतात आणि आगींचा क्रम लावतात. तिथे पाठवायचा माणूस असा हवा, की ज्याला आपल्या खात्याच्या वतीने तिथल्या तिथे शब्द देता येईल. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणाऱ्याचा तिथे उपयोग नाही. क्रम लावण्याची तत्त्वे आधीच लिहिलेली असतात. आधी माणसांचा जीव, मग घरेदारे, मग रान आणि इतर संपत्ती. ऐकायला सरळ आहे. पण आपल्याच खात्याचे जंगल जळते आहे, आपलीच माणसे मदत मागत आहेत, आणि आपणच हात वर करून म्हणायचे, ‘आमची आग सहावी, आमचे दोन बंब पहिलीकडे जाऊ द्या.’ शौर्याच्या शोधात निघालेल्या मला ते या खोलीत दिसले. ज्वाळेत उडी घेणाऱ्याला निदान ज्वाळा दिसते. या माणसाला नकाशावरच्या एका ठिपक्याकडे पाहून नाही म्हणायचे असते, आणि त्या ठिपक्याचे पुढे काय झाले ते दुसऱ्या दिवशीच्या यादीत वाचायचे असते.

या यादीला देशांच्या सीमाही उरलेल्या नाहीत. आपला उन्हाळा तो ऑस्ट्रेलियाचा हिवाळा, हे मी भूगोलाच्या तासाला दरवर्षी शिकवतो. या एका धड्याच्या आधारावर करार उभे आहेत. २००० सालच्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची माणसे अमेरिकेच्या आगींवर गेली. २०१९-२० साली ऑस्ट्रेलिया पेटला तेव्हा अमेरिकेची माणसे तिकडे गेली. २३ जानेवारी २०२० रोजी न्यू साउथ वेल्समध्ये आगीवर औषध टाकायला गेलेले एक विमान कोसळले आणि त्यातले तिघेही अमेरिकन मरण पावले. आपल्या गावापासून अर्ध्या पृथ्वीवर, दुसऱ्याचे रान वाचवताना. दुसऱ्याचे, असे मी लिहितो खरा. पण ते तिथे गेले ते ‘दुसऱ्याचे’ हा शब्द आधीच खोडून.

ही पद्धत आपल्या देशात आली नाही असे नाही. जुलै २०१० मध्ये आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने कॅलिफोर्नियाच्याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. एक प्रमुख, ठरलेल्या शाखा, ठरलेली नावे, सारे त्यात आहे. वणवा विझवायला मदत करणे हे जंगलात हक्क असणाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे १९२७ सालच्या वन कायद्याचे ७९ वे कलम सांगते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहांनी टिपलेल्या आगीची खबर आता वनखात्याच्या माणसाच्या फोनवर येते. २०१६ साली उत्तराखंडात डोंगर पेटले तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल गेले, हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन गेली. आकाशातून दिसते, दिल्लीहून निघते. मधले जे दोन कोस उरतात, वरच्या गावापासून खालच्या गावापर्यंतचे, ते मात्र कुठल्याही उपग्रहाला आपल्यासाठी चालता येणार नाहीत.

म्हणून २०२३ सालच्या जानेवारीत, गवत अजून पुरते वाळले नव्हते तेव्हा, मी दोन्ही गावांतल्या जाणत्या माणसांना शाळेत बोलावले. वनरक्षकही आले. मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी फळ्यावर उताराचा नकाशा काढला आणि म्हणालो, ‘आज कुणाची चूक ते बोलायचं नाही. फक्त नावं सांगा.’ एकेका जागेची दोन-दोन नावे निघाली. एका कातळाची तर तीन. दोन तास त्यातच गेले. कुठले नाव ठेवायचे यावर आवाज चढले, तेव्हा वनरक्षकांनी तोड सुचवली: नावे ज्याची त्याला राहू द्या, जागांना आकडे द्या. एकपासून नऊपर्यंत आकडे ठरले. पुढच्या रविवारी दोन्ही गावांच्या मुलांनी ते चुन्याने कातळांवर रंगवले. प्रत्येक गावाचा एक माणूस फोनवर बोलेल, बाकीचे नाही. वनरक्षक येईपर्यंत जो आधी पोहोचेल तो प्रमुख, आल्यावर ते. समोरून जाळ लावायचा तर दोन्हीकडून होकार आल्याशिवाय नाही. पालख्यांचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

शेवटी एक प्रश्न उरला. तो मी कॅलिफोर्नियातून आणला होता आणि विचारायला कचरत होतो. ‘एकाच वेळी दोन्हीकडे पेटलं तर सगळ्यांनी आधी कुठं जायचं?’

वर्गात कुणी बोलेना. वरच्या गावाची घरे जंगलाला लागून आहेत. आमच्या गावाची घरे दूर, सुरक्षित; धोका आहे तो बागांना. हे सगळ्यांना माहीत होते. आमचे लोक खाली पाहू लागले आणि वरचेही.

मग मागच्या बाकावरून ते म्हातारे काका उठले. पाच वर्षांपूर्वी ज्यांची काजूची झाडे गेली होती तेच. त्यांनी नवी कलमे लावली होती, ती आता कुठे कमरेएवढी झाली होती. भिंतीला हात टेकून ते म्हणाले, ‘घरं जवळ कुणाची, तिकडं आधी. त्यात विचारायचं काय?’

कुणी काही म्हटले नाही. काका खाली बसले. मग पुन्हा अर्धवट उठून माझ्याकडे बोट करून म्हणाले, ‘गुरुजी, हे फळ्यावर नको. कागदावर लिहा. फळा उद्या पुसला जाईल.’

मी कागदावर लिहिले. खाली दोन्ही गावांच्या सह्या झाल्या. काकांचा अंगठा आहे.